ब्रेकची लाल खोळ

१

सकाळी पावणेनऊला काकू दोरीवर चादर वाळत घालत होत्या, आणि त्यांचं राहतं घर, इंजीन बंद, आत चिटपाखरू नाही, अशा अवस्थेत आपलं आपण उतारावरून खाली निघालं.

मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. चाकांखाली खडी करकरली तेवढीच. काकूंनी मान वळवली तर ते पांढरं धूड, खिडक्यांत त्यांनीच शिवलेले निळे पडदे, कुठे पाहुणचाराला चालल्यासारखं सावकाश जात होतं. वाटेत शेजारच्या प्लंबरची घडीची खुर्ची आली. तिचा चुराडा झाला. मग दोन कुंड्या आल्या, आणि शेवटी झुडपांच्या कुंपणात नाक खुपसून घर थांबलं.

"अगंबाई!" एवढंच काकूंच्या तोंडून निघालं.

प्लंबर हातात कप घेऊन उभा होता. चहात साखर कमी म्हणून तो मिनिटभरापूर्वीच त्या खुर्चीतून उठला होता. आता तो कपाकडे बघायचा, खुर्चीकडे बघायचा, आणि पुन्हा कपाकडे.

घर म्हणजे मोटारघर. आत ओटा, दोन माणसांची गादी, फडताळ, न्हाणीघर आणि काकूंचं शिवणयंत्र. काकांनी तीस वर्षं बस चालवली, काकूंनी अठ्ठावीस वर्षं शिंपीकाम केलं, आणि निवृत्तीनंतर दोघांनी ही जुनी गाडी घेऊन चार भिंतींना रामराम ठोकला. त्याला आता दीड वर्ष झालं होतं. या गाड्यांच्या तळावर तर दोघं इतकी रुळली होती की सगळे त्यांना काका-काकूच म्हणायचे.

गाडीला खोड एकच. उतारावर लावली की गिअर आपोआप सुटायचा. सगळा भार हँडब्रेकवर. म्हणून दोघांनी घरच्या घरी तीन वस्तू केल्या होत्या. चाकांखाली लावायचे लाकडी ठोकळे. सायकलच्या ट्यूबचा लाल पट्टा, जो हँडब्रेकच्या दांड्यापासून स्टिअरिंगला अडकवायचा, म्हणजे ब्रेक काढल्याशिवाय कुणी गाडी हाकायला नको. आणि तिसरी काकूंनी शिवलेली दांड्याची लाल खोळ, वर पांढऱ्या दोऱ्यानं अक्षरं: 'ओढलाय'. दांडा खाली असला की सीटला चिकटून बसायचा, खोळ चढवायला जागाच उरायची नाही. त्यामुळे हिशेब सोपा होता. खोळ दिसली की ब्रेक ओढलेला आहे.

कुंड्या फुटल्याचा आवाज ऐकून काका अंघोळीच्या खोल्यांकडून टॉवेल खांद्यावर टाकून धावत आले आणि थेट चालकाच्या सीटवर चढले. पाठोपाठ लेक आली. ती कालच संध्याकाळी भेटायला आली होती आणि तळावरच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरली होती.

"बाबा, तुम्ही ब्रेक ओढला होता ना?"

काकांनी एकदा काकूंकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे.

"विसरलो," ते म्हणाले.

काकूंच्या हातातली चादर खाली पडली. कारण सकाळी सात वाजता त्या स्वतः त्या सीटशेजारून गेल्या होत्या, आणि दांडा वर होता, त्यावर लाल खोळ होती. आता त्या वाकून पाहू लागल्या. दांडा वर होता. खोळ नव्हती.

२

"झालं ते झालं," लेक म्हणाली. "पण ती खुर्ची रिकामी नसती तर? बाबा, आता पुरे. माझ्या ओळखीचे एकजण अशी गाडी शोधतायत. चार वाजता बघायला येतील. तुम्ही दोघं माझ्याकडे चला."

"बरं," काका म्हणाले.

नुसतं बरं! काकू बघतच राहिल्या. हा माणूस चहात साखर किती यावरून अर्धा तास वाद घालणारा. आणि घर विकायचं म्हटल्यावर बरं?

"अहो, बरं काय बरं? खोळ होती. मी सात वाजता पाहिली."

"तू काल पाहिली असशील," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "रोज बघतेस ना, त्यामुळे वाटतं."

काकूंना ते लागलं. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांनी एका गिऱ्हाइकाचा कोट चुकीच्या रेघेवर कापला होता. त्याच दिवशी त्यांनी यंत्रावर झाकण ठेवलं. "माझा हात गेला," म्हणाल्या, आणि दोन वर्षं झाकण उघडलं नाही. दुकान बंद झालं, बोलणं कमी झालं, जेवण निम्म्यावर आलं. चार महिन्यांपूर्वी काकांनीच भुणभुण लावली, "ब्रेकला एवढी एक खोळ शिवून दे, असलं काम बाहेर कोण करणार?" म्हणून झाकण उघडलं. ती पहिली खोळ बघून तळावरच्या लोकांनी आपापल्या गाड्यांसाठी मागायला सुरुवात केली. बारा दिल्या, पाच द्यायच्या होत्या. काकू पुन्हा गुणगुणायला लागल्या होत्या. आणि आज त्याच नवऱ्यानं त्यांच्या नजरेवर शंका घेतली.

त्यांनी मोजपट्टी गळ्यात घातली. शिंपीकामातली जुनी सवय. डोकं चालवायचं असलं की ती गळ्यात लागायची. तीस वर्षांत हा माणूस ब्रेक विसरला नाही. मग खोळ नेली कुणी? आणि हे महाशय खोटं का बोलतायत?

आधी त्यांनी गाडीत शोधलं. सीटखाली लाल पट्टा सापडला. त्याचा तारेचा आकडा ओढ बसून पार सरळ झाला होता. खोळ मात्र कुठेच नव्हती.

चार वाजायला सहा तास होते.

३

प्लंबरला सगळे वॉशरभाऊ म्हणायचे, कारण कुठलीही अडचण सांगा, त्याचं उत्तर वॉशर बदला असंच असायचं. तो चुरा झालेल्या खुर्चीच्या नळ्या गोळा करत होता.

"वॉशरभाऊ, खरं सांगा. माझी खोळ तुम्ही घेतलीत?"

"मी? काकू, माझा नंबर पुढचाच आहे ना? दोन दिवसांत मिळणारी खोळ चोरू कशाला?" मग तो जरा घुटमळला. "पण ठोकळे माझ्याकडे आहेत. चारही."

"काय?"

"काल संध्याकाळी काकांकडून मागून नेले. कागदावर ठेवून माप उतरवायचं होतं. काका म्हणाले, एका रात्रीचा प्रश्न, ब्रेक आहे ना. सकाळपासून मूग गिळून बसलोय मी. माझ्याच खुर्चीवरून गाडी गेली, म्हटलं आता बोलू कुठल्या तोंडानं?"

म्हणजे ठोकळे नव्हते. पण ब्रेक ओढलेला असता तर ठोकळ्यांवाचून अडलं नसतं.

"गाडी थांबल्यावर आत आधी कोण चढलं?"

"काका. मी त्यांच्या मागेच होतो, पण चढलो नाही, हातात गरम चहा होता. काका बसले, थोडा वेळ काहीच हालचाल नाही. मग ब्रेक ओढल्याचा आवाज आला. कट्, कट्, कट्, कट्, कट्. पाच."

"पाच? नक्की?"

"काकू, थेंब मोजत गळती शोधण्यात माझा जन्म गेला. पाच म्हणजे पाच." मग तो जवळ आला. "पण त्याआधीही कुणीतरी आत होतं बरं का. मी चहा ओतत होतो तेव्हा तुमची लेक गाडीतून उतरली. आणि त्यानंतर दहा मिनिटांत गाडी निघाली."

४

लेकीला विचारण्याआधी काकू तळाच्या मॅनेजरकडे गेल्या. खरं सांगायचं तर लेकीकडे जायला त्यांचे पाय उचलेनात.

मॅनेजरचं आणि काकांचं काल जोरात वाजलं होतं. उतारावरची जागा सोडा, असं मॅनेजरचं म्हणणं. इथून तळं दिसतं, असं काकांचं. रागाच्या भरात माणूस काय करेल सांगता येत नाही.

"ब्रेकला मी हात लावीन?" मॅनेजर भडकला. "माझ्या कुंड्या गेल्या, काकू! मी आठपासून या खिडकीत बसलोय. तुमची लेक आत गेली, बाहेर आली, बस. दुसरं कुणी फिरकलं नाही."

"बरं, बरं. चिडू नका."

"चिडू नको तर काय करू? परवा कुणीतरी धुलाईखोलीतलं मशीन उकळत्या पाण्यावर लावलं आणि आत काहीतरी लाल टाकलं. माझे आठ टॉवेल गुलाबी झाले. पाहुण्यांना गुलाबी टॉवेल देऊ का मी?"

काकूंचे कान तापले. परवा मशीनमध्ये पडदे, ओट्याची फडकी आणि चहा सांडलेली ती खोळ त्यांनीच टाकली होती. मॅनेजरचे टॉवेल आत आधीपासून होते हे त्यांना काढताना कळलं, आणि त्यांनी ते गुपचूप पिळून दोरीवर टाकले होते.

"फारच वाईट झालं," त्या म्हणाल्या आणि चटकन उठल्या. टॉवेलांचं पाप नंतर फेडता येईल; आधी घर वाचवायला हवं होतं.

बाहेर बाकावर लेक एकटीच बसली होती. आईला पाहताच तिनं डोळे पुसले.

"आई," ती म्हणाली, "मला तुला काहीतरी सांगायचंय."

५

"मी ब्रेक ओढला होता," लेक म्हणाली.

"ओढलास?"

"चहा पिऊन उतरताना. उतार बघितला आणि मला राहवेना. बाबा आता सत्तरीला आले, म्हटलं एकदा ओढून खात्री करून घेऊ. दांडा वर होता. तुझी खोळपण होती. मी आणखी थोडा वर ओढला आणि सोडला."

"म्हणजे खोळ होती! मग सकाळी गप्प का बसलीस?"

"घाबरले गं. वाटलं, माझ्याच हातून काहीतरी निसटलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा म्हणाले विसरलो. मग वाटलं, मलाच भास झाला असेल. आणि... बाबांनी आपल्यावर घेतलं तर बरंच, असंही वाटलं. तुम्ही माझ्याजवळ राहायला याल म्हणून." ती रडायला लागली. "मला रोज रात्री काळजीनं झोप लागत नाही, आई."

काकूंनी तिचं डोकं छातीशी धरलं. राग आला होता, तो तिच्या केसांवरून हात फिरवताना निम्मा विरघळला. पण डोकं चालूच होतं.

"एक सांग. ओढलास तेव्हा आवाज आला? कट्, कट्?"

लेकीनं आठवून पाहिलं. "नाही. अजिबात नाही. म्हणून तर वाटलं, पूर्ण ओढलेलाच असेल."

काकूंचा हात थांबला. वॉशरभाऊंनी पाच कट् ऐकले होते. लेकीनं एकही ऐकला नव्हता. दांडा तोच, ब्रेक तोच.

त्या तडक गाडीत गेल्या. यंत्राशेजारी नव्या, न धुतलेल्या खोळी रचून ठेवल्या होत्या. एक उचलून त्यांनी ब्रेकच्या दांड्यावर चढवली आणि दांडा वर ओढला. कट्, असा छान आवाज आला. मग त्यांनी खोळीच्या टोकावर अंगठा ठेवून आतलं, ब्रेक सोडायचं बटण दाबलं आणि पुन्हा ओढला. दांडा मुकाट वर आला, आणि अंगठा न काढता हात ढिला केला तर मुकाट खालीही जाऊ लागला. काकूंनी घाईनं अंगठा काढला, दांडा अडकला.

त्या चालकाच्या सीटवर मटकन बसल्या. सुती कापड, दुहेरी, आत कापूस. उकळत्या पाण्यातून काढल्यावर किती आटतं? हा प्रश्न त्या दुकानात शिकायला आलेल्या पोरींना पहिल्याच दिवशी विचारायच्या. बोटभर आटतं! बोटभर आटलेली खोळ दांड्यावर ताणून चढवली, जशी काल संध्याकाळी त्यांनीच चढवली होती, की तिचं टोक बटणावर बसणार आणि ते दाबूनच ठेवणार.

काखेत कळसा आणि तळाला वळसा! सकाळपासून त्या गुन्हेगार शोधत होत्या, आणि तो मोजपट्टी गळ्यात घालून त्यांच्याबरोबरच फिरत होता.

पण खोळ चोरणारा वेगळा होता, आणि आता काकूंना तोही कळला होता.

६

पावणेचारला काका गाडीमागे हत्यारांच्या पेटीवर ओणवे बसले होते. काकू समोर येऊन उभ्या राहिल्या. लेकीला आणि वॉशरभाऊंना त्यांनी मुद्दाम बरोबर आणलं होतं.

"अहो, खोळ द्या."

"कसली खोळ?"

"ऐका. ताणलेल्या खोळीनं बटण रात्रभर दाबून धरलं होतं. पण ब्रेकवर भार असला की आतले दाते एकमेकांत रुतून बसतात, नुसतं बटण दाबून सुटत नाहीत. दांडा जरा वर उचलावा लागतो. ब्रेक काढताना आपण तेच करतो. सकाळी ही आली आणि खात्री करायला म्हणून तिनं नेमकं तेच केलं. दाते सुटले. बटण दाबलेलं, म्हणून आवाज नाही. हिनं हात काढला तरी दांडा खाली आला नाही, कारण तुमच्या ट्यूबच्या पट्ट्यानं तो उचलून धरला होता. बिचारा दहा मिनिटं लोंबकळला. मग आकडा सरळ झाला आणि घर निघालं."

लेकीनं तोंडावर हात ठेवला. वॉशरभाऊ नुसते मान हलवत होते.

"आणि तुम्ही," काकू नवऱ्याकडे वळल्या, "गाडीत चढलात, आणि बराच वेळ गप्प बसलात. मग पाच कट् वाजले. खोळ दांड्यावर असती तर एकही वाजला नसता. म्हणजे ब्रेक ओढण्याआधी खोळ तुम्हीच काढलीत. तुमच्याआधी आत फक्त लेक होती, आणि ती उतरली तेव्हा खोळ जागेवर होती. मग चोर दुसरा कोण असणार?"

 काकांनी पेटीतला पान्ह्यांचा खण उचलला आणि खालून खोळ काढून पुढे केली.

तिच्या टोकाला गोल भोक पाडलं होतं. कडेनं लाल दोऱ्याचे टाके घातले होते, एक इकडे, एक तिकडे, मधे दोन गाठी. असे टाके काकूंनी जन्मात पाहिले नव्हते.

"हात लावल्याबरोबर कळलं मला," काका म्हणाले. "आटली होती. बटण आतच बसलेलं. म्हटलं, हिला कळलं तर संपलं. एक कोट चुकला तर दोन वर्षं यंत्राला हात लावला नाहीस तू. त्या दोन वर्षांत घरात नुसता घड्याळाचा आवाज यायचा गं. गाडीचं काय, पुन्हा कधीतरी घेऊ. तुझी शिलाई पुन्हा बंद पडली असती तर मी काय करणार होतो?"

 काकूंनी खोळ घट्ट धरून ठेवली.

"आणि बाकीच्या बारांचं काय?" शेवटी त्या म्हणाल्या. "त्याही कुणीतरी धुणारच ना? उद्या कुणाची खुर्ची रिकामी नसली तर?"

"त्याचसाठी हा नमुना करत होतो. उद्या सगळ्यांना सांगणार होतो, टोकाला भोक ठेवायची नवी पद्धत आलीय म्हणून."

"या टाक्यांनी?" काकू म्हणाल्या, आणि रडता रडता त्यांना असं हसू फुटलं की पेटीचा आधार घ्यावा लागला. "अहो, हे बघून लोकांनी सगळ्या खोळी परत केल्या असत्या! उद्या नाही, आज. वॉशरभाऊ, सगळीकडे जा. सांगा की काकूंची चूक झालीय, खोळी घेऊन या, पाच मिनिटांत दुरुस्त करून देते. आणि काय चुकलं तेही सांगा. लपवायचं नाही."

वॉशरभाऊ निघाले. चारच्या ठोक्याला फाटकाशी एक गाडी येऊन थांबली. लेक उठली, पदरानं नाक पुसलं आणि तिकडे गेली. तिचं बोलणं ऐकू आलं नाही, पण ती हात जोडताना दिसली, आणि आलेली गाडी वळून गेली.

संध्याकाळपर्यंत यंत्र चालू होतं. बारा खोळी आल्या, बारांना गोल भोकं पडली, कडेनं बटणाच्या काजासारखे बारीक टाके बसले. तेराव्या, काकांच्या खोळीचे टाके काकूंनी उसवले नाहीत. शिवाय मॅनेजरसाठी आठ टॉवेल पूर्ण गुलाबी रंगवून द्यायचं कबूल केलं. अर्धवट गुलाबी असण्यापेक्षा ते बरं, असं त्यालाही पटलं.

उन्हं उतरली तशी गाडी वर आणली, तळ्याच्या बाजूला, पण सपाट जागेवर. ठोकळे लागले, नव्या जाड आकड्याचा पट्टा लागला. काकांनी ब्रेक ओढला. कट्, कट्, कट्, कट्, कट्. खोळ चढवली. वेड्यावाकड्या टाक्यांतून बटण बाहेर डोकावलं.

लेक दारात उभी होती. तिचा हात पुढे आला आणि मधेच थांबला.

"बाबा, मी एकदा ओढून बघू?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी यंत्र थांबवलं, म्हणजे नीट ऐकू यावं.

"बघ की," काका म्हणाले.

तिनं दांडा धरला आणि वर ओढला. सहावा कट् वाजला.